वाढत्या अंगाचा परकर

सातारच्या एका महाविद्यालयातील स्नेहसंमेलनाचा प्रसंग आहे. मराठी विभागाची एक विद्यार्थिनी, उंची पाच फूट दहा इंच, 'लोलिता' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी धाटणीच्या पोशाखात आली. गुडघ्याखाली उतरणारा घंटेसारखा फुगलेला घेर, आत झालरींचा दुसरा घेर, गळ्याशी बंद होणारे पोलके, पायांत मोजे, केसांत फीत. कापड सांगलीच्या पेठेतले, शिलाईही सांगलीच्याच शिंप्याची. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी तीन मते आमच्या कानी पडली. एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या मते हे नाबोकोवचे विकृत अपत्य होते. दुसऱ्यांच्या मते परकीयांचे अंधानुकरण. तिसरे मत एका बाईंचे होते. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, एवढी घोडी झालीय, हिला शोभतं का हे?"

आमचे म्हणणे असे की पहिली दोन मते ही तिसऱ्याच मताने पांघरलेली विद्वत्तेची शाल आहे. म्हणून सुरुवात तिसऱ्यापासून करतो. निदान ते प्रामाणिक आहे.

मराठीत उंच पुरुषाला 'उंचापुरा' म्हणतात, 'धिप्पाड' म्हणतात. उंच मुलीला 'ताडमाड', 'थोराड' आणि 'घोडी'. (बाई उंचीपुरी असल्याचे कौतुकही आपल्याकडे होते, हे मान्य, पण ते लुगड्यातल्या, घर सांभाळणाऱ्या बाईचे. वाढत्या मुलीच्या वाट्याला ते येत नाही.) ज्या समाजाने 'घोडनवरी' हा शब्द वापरात आणला त्याला मुलीचे वय आणि तिचे अंग यांत फरक करण्याची गरज भासली नव्हती. 'थोराड' हा शब्द तर मुळातूनच तपासण्याजोगा आहे. वय लहान आणि अंग मोठे, असा त्याचा अर्थ. म्हणजे तो वर्णन कमी करतो आणि आरोप अधिक.

दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या घरांत या आरोपाला शिक्षाही ठरलेली होती. परकर-पोलके सुटे आणि लुगडे अंगावर येई. परकर वाढत्या अंगाचा शिवीत. काठाच्या वर आतून एक-दोन दुमडी घालून ठेवीत आणि मुलगी वाढेल तशी एकेक दुमड उसवीत. दुमडी संपल्या की परकर संपला. एकाच वयाच्या दोन चुलत बहिणींपैकी ठेंगणी आणखी दोन वर्षे परकर सावरत सागरगोटे खेळे आणि उंच असेल ती पदर सावरू लागे. ही गोष्ट केवळ आजीच्या काळाची आहे असे समजू नये. आमच्या या विद्यार्थिनीची उंची पाचवीतच आईइतकी झाली, आणि त्या दिवाळीपासून तिला फ्रॉक आणणे बंद झाले, असे तिनेच आम्हाला सांगितले. विशीत पोचल्यावर ती घेर आणि झालरी अंगावर घेते तेव्हा ती लहान होण्याचे सोंग करीत नाही. दहाव्या वर्षी उंचीच्या कारणावरून जे काढून घेतले ते ती मोठेपणी, स्वतःच्या मापाने शिवून घेते.

आता नाबोकोव. 'लोलिता' १९५५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा दाखला देणाऱ्यांनी ती वाचलेली असावी एवढीच आमची नम्र अपेक्षा आहे. कादंबरीच्या पहिल्याच पानावर मुलीची उंची दिलेली आहे: चार फूट दहा इंच. ही मोजदाद निवेदक हंबर्टची. त्याला हव्या असलेल्या मुलींचे वयही त्याने नऊ ते चौदा असे आखून ठेवले आहे; त्यापुढे वाढणे हाच त्याच्या लेखी अपराध. अखेरीस सतरा वर्षांची, गरोदर डॉली त्याला दार उघडते तेव्हा ती दोनेक इंच वाढल्याची नोंद करायलाही तो विसरत नाही. (तेव्हाही आपले तिच्यावर प्रेम आहे असे तो म्हणतो. त्यावर किती विश्वास ठेवावा हा जुना वाद आहे, तो येथे नको.) या पट्टीने आमची विद्यार्थिनी बरोबर एक फूट जास्त भरते. हंबर्टला जे पाहवले नसते तेच ती आहे: वाढलेली, सज्ञान, आणि आपले कपडे आपण निवडणारी.

हा पोशाख करणाऱ्या पुष्कळ जपानी स्त्रिया त्याचा कादंबरीशी काही संबंध नाही असे सांगतात. ते आम्हाला पुरते पटत नाही. नावाची सावली पडतेच, आणि दुसरे नाव मिळाले असते तर बरे झाले असते. पण नावावरून पोशाखाला फाशी देण्याआधी पोशाख पाहावा. गळा बंद, गुडघे झाकलेले, पाय मोज्यांत. हा पोशाख पाहणाऱ्यासाठी शिवलेला नाही, घालणारीसाठी शिवलेला आहे.

आणि खरे म्हणजे या विषयात सांगलीकरांना नाबोकोवकडून काही उसने आणण्याचे कारणच नाही. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले, 'लोलिता'च्या छप्पन्न वर्षे आधी. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, आणि शारदा. (१९२९च्या शारदा कायद्याचे नाव या नाटकावरून पडले असे लिहिणारे विद्यार्थी परीक्षेत हमखास भेटतात, ते नाव हरबिलास सारडा यांचे आहे.) नाबोकोवने निवेदन पुरुषाच्या हाती दिले, देवलांनी मुलीला वाचा दिली. शारदेच्या दुःखाचे खापर देवल तिच्या कपड्यांवर किंवा अंगावर फोडीत नाहीत. दोष भुजंगनाथाच्या हावेचा आणि बापाच्या लोभाचा आहे, हे नाटक पाहणाऱ्या प्रत्येकाला कळते. सव्वाशे वर्षांपूर्वी कृष्णाकाठी कळलेली ही गोष्ट आज साताऱ्यात चहा पिताना विसरली जावी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्ने अठरा पूर्ण होण्याआधीच झालेली आढळली. बोहल्यावर चढताना या मुलींच्या अंगावर झालरी नव्हत्या, साड्या होत्या. पोरीला बाई ठरवणारे ते वस्त्र कोणाला विकृत वाटत नाही.

राहता राहिले अंधानुकरण. पोशाखाच्या अनुकरणाविरुद्ध बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणाला असेल तर तो निदान सांगली-मिरजेच्या नाट्यरसिकांना नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा सीता पुरुषच होता. पुढे १९०५ साली मिरजेत किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर नारायणराव राजहंस शकुंतला म्हणून उभे राहिले. कृष्णाकाठचे नागठाणे हे त्यांचे मूळ गाव. त्यानंतरच्या काळात घरंदाज स्त्रिया साडी कशी नेसावी, अंबाडा कसा घालावा, गजरा कोठे माळावा हे बालगंधर्वांकडे पाहून शिकल्या. म्हणजे बाईला काय शोभते हे बाईला एका पुरुषाने शिकवले, आणि तिने ते आनंदाने उचलले. पन्नाशी उलटल्यावर, अंग सुटल्यावरही ते स्त्रीभूमिका करीत राहिले. "शोभतं का" असा प्रश्न तेव्हाही काहींनी विचारला, पण भक्तांनी तो कानाआड केला. आम्ही स्वतः त्या भक्तांच्या घरातलेच, त्यामुळे बालगंधर्वांना उणे लेखण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा एवढाच की शोभा ही अंगाबरोबर जन्मत नाही. ती जरीने, मापाने, मेहनतीने घडवली जाते, हे आपण एकदा मान्य केलेले आहे. जपानमध्येही या पोशाखाची काळी, गंभीर तऱ्हा लोकप्रिय करण्यात माना या पुरुष वादकाचा मोठा वाटा आहे. १९९९ साली त्याने स्वतःचे वस्त्रदालन काढले आणि स्वतः ते कपडे घातले. पुरुषाला हे चालते. पाच फूट दहा इंचांच्या बाईला मात्र तिच्या उंचीचा दाखला विचारला जातो.

मेहनतीचे म्हणाल तर ती आम्ही पाहिली आहे. जपानी तयार कपडे बहुधा लहान चणीच्या मापाने येतात. उंच मुलीच्या अंगावर त्यांची कंबर बरगड्यांवर बसते, घेर गुडघ्यावर चढतो, बाही मनगटाआधी संपते. मग तो खरोखरच धाकट्या बहिणीचा फ्रॉक दिसतो, आणि हसणाऱ्यांना निमित्त मिळते. यावर उंच मुलींचा नेहमीचा उपाय म्हणजे पोक काढून चालणे. हिने तसे केले नाही. शिंप्याकडे बसून तिने कंबरेची टीप तीन इंच खाली घेववली, घेराची लांबी वाढवली, आतल्या घेराची लेस मुद्दाम दोन बोटे खाली डोकावू दिली, पाठीला लवचीक चुण्या घातल्या. बारीक फुलांची नक्षी तिच्या अंगावर हरवते म्हणून मोठ्या गुलाबांचे कापड शोधले. वर दोन इंची टाचांचे बूट घातले आणि ती बरोबर सहा फूट झाली. साडीला मापच लागत नाही असे सांगणाऱ्यांनी या मुलीला विचारावे. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. कमरेला खोचून जे उरते ते हिच्या घोट्यांच्या वरच राहते. आपल्या परंपरेनेही तिचे माप घेतलेले नाही.

त्या बाईंचा प्रश्न आम्ही तिच्यापर्यंत पोचवला नव्हता; तो तिने स्वतःच ऐकला होता. चिडलीस का, असे विचारता ती म्हणाली, "नाही सर, मी आईला विचारलं, माझं लहानपणचं खणाचं पोलकं कुठंय?" ते सापडले. बाहीची फुगी कशी शिवली आहे ते पाहण्यासाठी तिने ते उसवले आहे, आणि आता पुढचा घेर इरकली काठाचा करायचा तिचा बेत आहे. शिंपी साडेचार मीटर कापड मागतो आहे.