बॅनर सगळ्यांचे, हिशोब कोणाचा? अमळनेरच्या मुस्लिम मतदारांनी उमेदवाराला काय विचारावं

अमळनेर : नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान ठरलं होतं. कसालीपासून गांधलीपुऱ्यापर्यंत, दगडी दरवाजापासून स्टेशनपर्यंत तेव्हा एकही खांब मोकळा दिसत नव्हता. कोणी ‘विकासपुरुष’, कोणी ‘गोरगरिबांचा कैवारी’, तर कोणी नुसताच ‘भावी नगरसेवक’. आमच्याकडेही रोज फोटो आणि मजकूर येतो. ‘आपल्या समाजाचा माणूस आहे, जरा चांगलं लिहा’ अशी गळ घातली जाते. कोणत्या पक्षाचा माणूस आहे, यावर मजकूर फारसा बदलत नाही. फक्त चिन्ह आणि वरच्या नेत्यांचे फोटो बदलतात.

उमेदवाराने प्रचार करणं चुकीचं नाही, तो त्याचा हक्क आहे. पण प्रचार आणि बातमी यात फरक असतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांमध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न इतका गाजला की प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. आज तीच गोष्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि छोट्या छोट्या न्यूज पोर्टलवर होते. म्हणून आम्ही इथे कोणाची तारीफ करणार नाही आणि कोणाला पाडाही असंही म्हणणार नाही. मत मागायला दारात आलेल्या माणसाला काय विचारायचं, एवढंच मांडणार आहोत.

चार वर्षं नगरसेवक नव्हता, तेव्हा काय झालं?

मागची निवडणूक २०१६ च्या शेवटी झाली होती. मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या वादात राज्यभरातल्या निवडणुका अडकल्या. ६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. मधली जवळपास चार वर्षं नगरपरिषदेचा कारभार प्रशासकाच्या हातात होता. म्हणजे सभागृहात गटाराचा, पाण्याच्या पाळीचा, कब्रस्तानच्या भिंतीचा प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता.

या काळात काय काय झालं ते आठवून पाहा. जून २०२३ मध्ये शहरात दोन गटांत दगडफेक झाली आणि संचारबंदी लागली. रोजंदारीवर जाणाऱ्या घरांची चूल अशा दिवसांत कशी पेटते ते वेगळं सांगायला नको. त्या रात्री कोण पोलीस स्टेशनला गेलं, कोण दोन्ही बाजूंच्या लोकांना समजावत फिरलं, आणि कोणाचा फोन बंद होता? आज बॅनरवर हसणारा चेहरा त्या रात्री कुठे होता, हे मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. जाहीरनाम्यापेक्षा ही माहिती जास्त खरी आहे.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेश, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा अनेक कामांसाठी जन्म दाखला हाच मुख्य पुरावा राहणार आहे. दुसरीकडे मालेगावच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये सरकारने उशिरा नोंदवलेल्या जन्म दाखल्यांचं काम थांबवलं, चौकशी लावली आणि पुढे नियम कडक केले. खोटा दाखला कोणी काढला असेल तर कारवाई व्हायलाच हवी. पण घरी बाळंतपण झालं, नोंद राहून गेली, नावात ‘शेख’ कधी आधी तर कधी शेवटी लागलं, अशा खऱ्या घरांचं काय? शहरातल्या जन्म-मृत्यूची नोंद नगरपरिषदेत होते. वॉर्डातली कोणती नोंद राहिली, कोणाच्या नावात चूक आहे, हे बघून वेळेत दुरुस्ती करून घेणं हे नगरसेवकाचं काम आहे. यावर एकही बॅनर आम्हाला दिसला नाही.

तिकीट कुठे मिळतं?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या ११.५४ टक्के आहे. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० आमदार मुस्लिम आहेत. त्याच वर्षी लोकसभेच्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर महाविकास आघाडीने मुस्लिम उमेदवार दिला नाही. आमची मतं मात्र सगळ्यांनी मागितली.

खाली नगरपरिषदेत चित्र थोडं बरं असतं, कारण काही प्रभागांत आमची संख्या आहे. पण इथेही एक खेळ चालतो. जवळपास सगळे पक्ष मुस्लिम उमेदवार देतात, पण तो मोहल्ल्याच्या प्रभागातच. मग एकाच गल्लीत तीन-चार पक्षांचे तीन-चार भाऊ एकमेकांसमोर उभे राहतात. मतं फुटतात, घरं फुटतात, लग्नाच्या दावतीत लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पक्षाला मात्र ‘आम्ही प्रतिनिधित्व दिलं’ असं सांगायला जागा मिळते. तोच पक्ष मिश्र वस्तीच्या प्रभागात मुस्लिम उमेदवार का देत नाही? त्याचा नगराध्यक्षपदाचा उमेदवार मोहल्ल्यातल्या सभेत जे बोलतो तेच बाजारपेठेतल्या सभेत बोलतो का?

हे शहर काही संकुचित शहर नाही. मोहम्मद हाशम प्रेमजींनी १९४५ मध्ये इथेच तेलाची कंपनी सुरू केली, तीच पुढे विप्रो झाली. त्या कारखान्याने एका जातीचं किंवा धर्माचं घर बघून काम दिलं नाही. साने गुरुजींनी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं. २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. अशा शहरात मुस्लिम उमेदवार फक्त मुसलमानांचा आणि हिंदू उमेदवार फक्त हिंदूंचा, हे गणित आम्ही का मान्य करावं?

झेंडा बघून मत, पण निकालानंतर?

अमळनेरचे आमदार अनिल भाईदास पाटील हे अजित पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे. २०१९ आणि २०२४ असे दोनदा निवडून आले, मधे मदत व पुनर्वसन मंत्री होते. खासदार स्मिता वाघ भाजपच्या आणि अमळनेरच्याच. मुंबईत हे पक्ष एका सरकारात आहेत, पण राज्यातल्या अनेक नगरपरिषदांत महायुतीचेच पक्ष एकमेकांविरुद्ध लढले. विरोधी आघाडीचंही काही ठिकाणी तसंच होतं. शिवाय अपक्ष आणि स्थानिक आघाड्या होत्याच. म्हणून ‘अमक्याला रोखायला तमक्याला मत’ हा विधानसभेचा हिशोब इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. निकालानंतर निवडून आलेले सदस्य कलेक्टर ऑफिसमध्ये गट नोंदवतात. खरी बेरीज तिथे होते. तुमचा नगरसेवक कोणत्या गटात जाणार, हे मत देण्याआधी विचारायला हवं.

शेजारची उदाहरणं समोर आहेत. २०१९ मध्ये धुळे शहरातून एमआयएमचे फारुक शाह सुमारे ३,३०० मतांनी निवडून आले. त्या वेळी समोरची मतं विभागलेली होती. २०२४ मध्ये तीच जागा भाजपच्या अनुप अग्रवालांनी मोठ्या फरकाने घेतली. त्याच वर्षी मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल अवघ्या १६२ मतांनी जिंकले, आणि तिथे लढत दोन मुस्लिम उमेदवारांत होती. धुळे लोकसभा काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी ३,८३१ मतांनी जिंकली. यातून दोन गोष्टी कळतात. एक, आपल्या मताला किंमत आहे, कारण निकाल थोडक्यात लागतात. दोन, फक्त समाजाच्या नावावर एकदा जागा मिळते, ती टिकवायला सगळ्या शहराचं काम आणि सगळ्या शहराची मतं लागतात.

नगरसेवकाचं काम कोणतं, आमदाराचं कोणतं?

तापीवरचं पाडळसे धरण गेली पंचवीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत येतं. आता ते नगरसेवकांच्या पत्रकातही आलं आहे. धरण हे राज्य आणि केंद्राचं काम आहे. त्यासाठी आमदार-खासदारांना जाब विचारा. नगरसेवकाला विचारायचं ते नळाला पाणी किती दिवसांनी येतं, घंटागाडी गल्लीत येते की मेन रोडवरूनच वळते, घरपट्टी कशी लावली, घरकुलाच्या यादीत नाव का नाही.

अल्पसंख्याक बहुल नागरी भागासाठी राज्य सरकारची क्षेत्रविकास योजना आहे. कब्रस्तानची संरक्षक भिंत, रस्ता, पाणी, शादीखाना अशा कामांना तिच्यातून पैसा मिळतो. पण त्यासाठी नगरपरिषदेने प्रस्ताव करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवावा लागतो. प्रस्तावच गेला नाही तर मुंबईत कोणाचंही सरकार असलं तरी पैसा येणार नाही. ‘मी कब्रस्तानसाठी झटलो’ म्हणणाऱ्या माजी नगरसेवकाला एकच विचारा, ठरावाचा नंबर आणि तारीख दाखवा.

तेव्हा उमेदवार दारात आला की त्याला चहा जरूर पाजा, आपली तहजीब सोडायची नाही. पण चहाबरोबर हे पाच प्रश्नही विचारा.

१. निकालानंतर कोणत्या गटात बसणार? पाठिंबा बदलायचा झाला तर प्रभागाची बैठक घेऊन विचारणार का?

२. पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, शिक्षण यापैकी कोणत्या समितीसाठी आग्रह धरणार? की उपनगराध्यक्षपदाच्या वर्षभराच्या मानावर गप्प बसणार?

३. जन्म दाखला, रेशन कार्ड, जातीचा दाखला यासाठी आठवड्यातून एक दिवस वॉर्डात बसणार का?

४. शहरात तणाव झाला तर त्या रात्री तुम्ही कुठे असाल?

५. तुमच्या शपथपत्रात मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांबद्दल काय लिहिलं आहे? ते आम्हाला वाचू द्याल का?

जातीच्या दाखल्याचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. बागवान, पिंजारी, मण्यार, तांबोळी, अन्सारी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत. राखीव जागेवर लढायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत काढलं नाही म्हणून चांगली माणसं मागे राहतात. पाच वर्षं झोपून शेवटच्या आठवड्यात कागद गोळा करणाऱ्या समाजाला कोणता पक्ष गंभीरपणे घेईल?

महिला उमेदवारांबद्दलही स्पष्ट बोलू. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण बॅनरवर नाव बाईंचं आणि फोटो मिस्टरांचा, असं आपल्याकडे सर्रास दिसतं. आपल्या मोहल्ल्यांत शिकलेल्या मुली आहेत, शिक्षिका आहेत, बचत गट चालवणाऱ्या खाला-आपा आहेत. पाण्याचा त्रास सगळ्यात जास्त त्यांनाच होतो. उभी राहिलेली बाई स्वतः बोलते का ते बघा, आणि तिला बोलू द्या.

एक विनंती मस्जिदीच्या जबाबदार मंडळींना. जुम्याच्या गर्दीत कोणत्याही उमेदवारासाठी ऐलान होऊ देऊ नका. आचारसंहितेत ते बसत नाहीच, शिवाय नमाजीत फूट पडते. मतदानाला जा, एवढंच सांगा.

मतदानाच्या दिवशी नगराध्यक्षासाठी एक आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी एक अशी मतं द्यायची असतात. बहुतेक ठिकाणी ती तीन होतात. एकच बटण दाबून बाहेर येऊ नका. अम्मी-अब्बांना घरीच नीट समजावून सांगा. यादीत नाव कुठल्या केंद्रावर आहे ते आधीच बघून ठेवा.

आमच्याकडून एक वचन. वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं जो उमेदवार लेखी पाठवेल त्याची उत्तरं आम्ही जशीच्या तशी छापू. पक्ष कोणताही असो, धर्म कोणताही असो, एक रुपया न घेता. आणि डिसेंबर २०२६ मध्ये तीच उत्तरं पुन्हा काढून, त्यातलं काय झालं आणि काय नाही, हे त्याच नगरसेवकाच्या नावासह छापू.