पहिल्या घासासोबत

गेल्या उन्हाळ्यात माजलगावहून मामूजान आले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूल त्यांनी दोन महिन्यांपासून बंद केल्या होत्या, तेही मुमानींना न सांगता. मी खोदून विचारले तेव्हा हळूच म्हणाले, "बेटी, त्यात डुकराचे आहे. एकाने मोबाईलवर दाखवले."

ते खरे आहे, लपवण्यात अर्थ नाही. क्रेऑनसारख्या कॅप्सूलमधले पॅन्क्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. दुकानातले पाचक सिरप त्याची जागा घेत नाही. त्यातले डायस्टेस पिष्ट पचवते. तेल-तूप पचवायला लायपेज लागते. ते नसेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, शौच तेलकट होते, वजन उतरते.

आम्ही मौलानांकडे गेलो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: डॉक्टर जरूरी म्हणतात का? दुसरे औषध आहे का? मग सूरह बकराची १७३वी आयत समजावून सांगितली, लाचारीत दिलेल्या सवलतीची. मामूजानच्या डोळ्यांत पाणी आले. दोन महिने हा माणूस एकटाच झुरत होता! मनात शंका असेल तर आलिम आणि डॉक्टर दोघांना विचारा, पण गुपचूप औषध सोडू नका.

आधीही त्यांचे चुकतच होते म्हणा. जेवण झाल्यावर गरम चहासोबत कॅप्सूल घ्यायचे! ती बिस्मिल्लाह म्हणून पहिल्या घासासोबत, साध्या पाण्याने, अख्खी गिळायची. चावली तर तोंड सोलवटते आणि औषधही वाया जाते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून कॅप्सूल उघडावी, आतले दाणे सफरचंदाच्या थंड गरावर टाकून न चावता लगेच गिळावेत, वर पाणी प्यावे. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट नको. डब्यावरचा २५००० हा आकडा लायपेजच्या युनिटचा असतो. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १०,००० युनिटच्या वर सहसा जात नाहीत. अति डोसाने, विशेषतः मुलांत, आतडे अरुंद झाल्याची उदाहरणे आहेत.

ही औषधे २५ अंशांच्या आत ठेवायची असतात. आपल्या बीडच्या मे महिन्यात पत्र्याखालची फळी म्हणजे भट्टीच. डबी घट्ट लावून घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या जागी ठेवा.

रोजे धरायचे की नाही ते डॉक्टरांना आधीच विचारा, मधुमेह असेल तर नक्कीच. परवानगी मिळाली तर नुसत्या खजुरावर कॅप्सूल लागत नाही. भजी, सालन सुरू होताना घ्यावी. सेहरीलाही विसरू नये. एवढे करूनही शौच तेलकट राहिले तर आपल्या मनाने कॅप्सूल वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.