भूतान : राजाने प्रजेच्या हाती सोपविलेले राज्य

राजाकडून सत्ता मिळविण्यासाठी प्रजेला बहुधा संघर्ष करावा लागतो. भूतानमध्ये मात्र उलट घडले. राजा सत्ता देऊ इच्छीत होता आणि प्रजा ती घेण्यास संकोचत होती. १९०७ पासून वांगचुक घराण्याच्या अधिपत्याखाली असलेल्या या देशात चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी २००६ मध्ये स्वेच्छेने सिंहासन सोडले. मार्च २००८ मध्ये राष्ट्रीय सभेची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यघटना अमलात आली.

तिची रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. राष्ट्रीय सभेचे सदस्य ४७. प्राथमिक फेरीत सर्व पक्ष उतरतात. अधिक मते मिळविणारे दोनच पक्ष अंतिम फेरीत लढतात. २५ सदस्यांच्या राष्ट्रीय परिषदेत पक्षांना स्थान नाही. २० सदस्य जनता निवडते, पाच राजा नेमतो. राजालाही ६५ व्या वर्षी निवृत्त होणे बंधनकारक आहे. देशाच्या किमान ६० टक्के भूमीवर वनाच्छादन सदैव राखावे, असा दंडकही घटनेतच घातलेला आहे.

आकाराने केरळएवढ्या, पण आठ लाखांहून कमी वस्तीच्या या देशाचे खरे धन म्हणजे हिमालयातून वेगाने उतरणाऱ्या नद्या. भारताच्या साहाय्याने उभारलेला ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प १९८० च्या दशकात सुरू झाला. पुढे १०२० मेगावॅटचा ताला आणि ७२० मेगावॅटचा मांगदेछू हे प्रकल्प झाले. पावसाळ्यातील अतिरिक्त वीज भारत विकत घेतो. हिवाळ्यात नद्या रोडावल्या की भूतानलाच भारताकडून वीज घ्यावी लागते. तेथील चलन न्गुल्ट्रम भारतीय रुपयाशी समान मूल्याने बांधलेले आहे. एकाच साधनावर आणि एकाच शेजाऱ्यावर इतके विसंबणे हे या अर्थव्यवस्थेचे बळही आहे आणि मर्यादाही.

पारंपरिक उत्पादनांत 'झोरिग चुसुम' म्हणजे तेरा कलांचा मान मोठा. काष्ठकाम, बांबूच्या विणीच्या वस्तू, झाडाच्या सालीपासून केलेला कागद आणि विणकाम त्यांत येतात. ल्हुंत्सेकडील 'किशुथारा' हे रेशमी वस्त्र कमरेला बांधलेल्या मागावर स्त्रिया विणतात. एका वस्त्रास कित्येक महिने लागतात. यंत्रावर विणलेले त्याच नक्षीचे स्वस्त कापड बाजारात आल्याने या श्रमांचे मोल टिकविणे अवघड झाले आहे.

'सकल राष्ट्रीय समाधान' हा विचार भूतानने जगाला दिला. उत्पन्नाबरोबर निसर्ग, संस्कृती, आरोग्य आणि सुशासन यांचीही मोजदाद व्हावी, हे त्याचे सार. परंतु या चित्राला छायाही आहे. १९९० च्या सुमारास नेपाळीभाषक दक्षिणेतील सुमारे एक लाख लोकांना देश सोडावा लागला. अनेकांची उमेदीची वर्षे नेपाळमधील छावण्यांत गेली. अलीकडे सुशिक्षित तरुण ऑस्ट्रेलियाची वाट धरीत आहेत. शाळा आणि दवाखाना विनामूल्य मिळतो. शिक्षणास साजेसे काम मात्र मिळत नाही. एवढ्या लहान देशातून एक शिक्षक वा एक परिचारिका गेली, तरी ती उणीव गावाला जाणवते.

डिसेंबर २०२३ मध्ये भूतान अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, हे यश लहान नव्हे. संयमाने घेणारे राष्ट्र वनसंपदा राखू शकते, हे त्याने सिद्ध केले. आता राखलेल्या त्या वनांच्या छायेत पुढची पिढीही राहावी, यासाठी तिच्या हातांना काम देणे, हीच त्याच्या समाधानाची खरी कसोटी आहे.