ड्रॅगनची हर्राशी

आमच्या बीडकडे लिलावाला हर्राशी म्हणतात. मोंढ्यात तूर आली, की व्यापारी आधी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून बघतो आणि मगच बोली लावतो. ऑनलाइन हर्राशीत नेमकं हेच करता येत नाही. तरीही जगभरातली चांगली शिकली-सवरलेली माणसं चाळीस-पन्नास वर्षं जुन्या खेळांच्या पुस्तकांवर रात्र-रात्र जागून बोल्या लावत असतात. त्यांतला एक नग सध्या अंबाजोगाईत बसलाय. माझा मित्र आहे, म्हणून नग म्हणायचा हक्क मला आहे.

खेळ कुठला? डंजन्स अँड ड्रॅगन्स. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात टेबलाभोवती बसून जे खेळतात ना, तेच. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे गोष्ट त्याच्या ताब्यात. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. समोर राक्षस आला, तर काय करायचं ते तुम्ही ठरवायचं आणि जमलं की फसलं, ते फाशानं. सोंगी भारुडाचं सारीपाटाशी लग्न लावलं, तर जे काही होईल, ते म्हणजे हा खेळ!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 मध्ये तो बाजारात आणला. पहिली छपाई फक्त 1000 प्रतींची. लाकडासारख्या दिसणाऱ्या तपकिरी डब्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. आज त्या पहिल्या छपाईच्या डब्यासाठी हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. तो डबा तुमच्या-माझ्यासाठी नाही. विसरा. ईएमआय भरणाऱ्या माणसानं त्याच्याकडे फक्त संग्रहालयातल्या वस्तूसारखं बघावं.

आपल्या खिशाला परवडणारी गंमत वेगळ्याच मालात आहे. 1983 चा लाल डबा घ्या. तो भरपूर छापला गेला, त्यामुळे तो आजही मिळतो. पण ‘मिळतो’ आणि ‘पूर्ण मिळतो’ यात फरक आहे. आत दोन पुस्तिका हव्यात, खेळाडूंची 64 पानांची आणि मास्टरची 48 पानांची. सहा फासे हवेत. आणि एक रंगीत खडू हवा! त्या काळी फाशांवरचे आकडे कोरलेले असायचे, पण रंगवलेले नसायचे. खडू घासून ते तुम्हीच भरायचे. आता तो मेणाचा खडू चाळीस वर्षं जपून ठेवणारं पोर असतं का कुठे? म्हणून खडू असला, की डबा महाग. नसला, की स्वस्त. खेळायला काहीच फरक पडत नाही, फक्त कपाटात मिरवायला पडतो.

खरी मजा मात्र ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकाची. 1980 चं. देशोदेशीच्या देवांना खेळात उतरवणारं. त्यात आपल्याकडचे इंद्र, अग्नी, वरुण, यम असे सगळे आहेत आणि प्रत्येकाला चक्क हिट पॉइंट्स दिलेत. (आज्जीला दाखवू नये. किंवा दाखवावंच, एक वेगळीच मैफल होईल.) सुरुवातीच्या छपाईत लव्हक्राफ्टचा क्थुलू आणि मूरकॉकचा एल्रिक यांचीही प्रकरणं होती. पुढच्या छपाईत ती काढली गेली आणि 144 पानांचं पुस्तक 128 पानांवर आलं. मुखपृष्ठ तेच राहिलं. म्हणजे बाहेरून दोन्ही पुस्तकं जुळी भावंडं, पण 144 पानवाल्याला भाव जास्त.

आणि इथेच सगळा फंडा आहे, बॉस! माळा साफ करणारा बऱ्याचदा फक्त मुखपृष्ठाचा फोटो टाकतो आणि लिहितो, ‘जुनं गेम बुक, थोडं फाटलेलं’. आपल्या हातात काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं. माझा मित्र अशा प्रत्येकाला एकच साधा प्रश्न पाठवायचा: “अनुक्रमणिकेचा फोटो मिळेल का?” बहुतेक जण उत्तरच देत नाहीत. ओहायोमधल्या एका बाईंनी दिलं. अनुक्रमणिकेत क्थुलू होता. पुस्तकाची पाठ उसवलेली, आत कुणीतरी पेन्सिलनं राक्षसांचे आकडे लिहिलेले. लिलावाला तीन बोल्या आल्या, त्यांत शेवटची याची. पोत्यात हात घालणं यालाच म्हणतात.

असा माल शोधायच्या त्याच्या सवयी मी बघून ठेवल्यात. तो चुकीच्या स्पेलिंगनं शोधतो. ‘डंजन’च्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर विक्रेत्यानं खाल्लं, की ती वस्तू इतरांच्या सर्चमध्ये सहसा येत नाही आणि बोली चढत नाही. सुट्या पुस्तकापेक्षा तो ‘लॉट’ बघतो, म्हणजे खोकं भरून एकत्र विकलेला माल. आणि मागितलेल्या किमतीकडे ढुंकूनही बघत नाही. ‘सोल्ड’ या फिल्टरमध्ये आधी विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव दिसतात, तेच खरे. मागायला काय, कुणीही काहीही मागतं!

बोलीचं म्हणाल, तर ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम एकदाच भरायची. तुमच्या मागे कुणी असेल, तर साइट स्वतःच त्याच्यापेक्षा थोडी वरची बोली लावते, कमाल आकड्यापर्यंत. म्हणून अनुभवी लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प बसतात. लवकर बोली लावली, की दुसऱ्याची खुमखुमी जागी होते. अमेरिकेतले लिलाव आपल्याकडे बऱ्याचदा पहाटे संपतात. याचा अलार्म साडेतीनचा. घरच्यांना वाटायचं, पोरगं स्पर्धा परीक्षेला बसलंय.

एकेकाळी हे आपल्याकडे सोपं होतं. 2000 साली बाझी डॉट कॉम सुरू झाली, 2004 मध्ये ईबेनं ती विकत घेतली आणि रुपयांत बोली लावायची सोय झाली. 2018 च्या ऑगस्टमध्ये तेही दुकान बंद झालं. आता परदेशातून मागवायचं, तर पुस्तकापेक्षा पोस्टेज जड आणि वर कस्टम्सची ड्यूटी. हिशोब बोली लावायच्या आधी करायचा, नंतर नाही. मित्राचा तोडगा अस्सल मराठी: न्यूजर्सीतला मावसभाऊ. तिकडे पुस्तकांसाठी मीडिया मेल नावाचं स्वस्त टपाल आहे. पुस्तकं महिनोन् महिने मावसभावाकडे साठतात आणि दिवाळीला कुणाच्या तरी बॅगेतून येतात. मावशीची मात्र तक्रार आहे, की त्यामुळे बदाम आणि चॉकलेटांचा कोटा घसरला.

सावध एकाच गोष्टीपासून राहायचं. जुनी पुस्तकं कंपनीनं 2012-13 मध्ये पुन्हा देखण्या रूपात काढली. 1974 च्या पुस्तिका तर 2013 मध्ये लाकडी पेटीत आल्या. त्यांत वाईट काही नाही, पण ‘ओरिजिनल एडिशन’ असं लिहून कुणी त्या विकत असेल, तर छपाईचं साल विचारा. आणि प्लॅस्टिकमध्ये सीलबंद प्रत घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत. न उघडता येणारं पुस्तक काय धुपाटायचंय?

कारण मित्राला हे सगळं हवं होतं, ते खेळायला. पुण्यातली नोकरी 2020 मध्ये घरून सुरू झाली आणि मग घरूनच राहिली. संध्याकाळी सातनंतर करायचं काय? ओळखीचे सगळे पुण्यात नाहीतर बंगळुरात. खेळाला माणसं लागतात आणि ती लिलावात मिळत नाहीत. त्यानं उसवलेलं पुस्तक घरातल्या टेबलावर नुसतं उघडून ठेवलं. आधी शेजारचा मेडिकलवाला आला, मग मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवरची दोन पोरं, मग त्यांतल्या एकाची बहीण. नियमांसाठी पैसे लागले नाहीत. मूळ नियमांचा मोठा भाग 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे.

मागच्या महिन्यात मी त्या टेबलाशी बसले होते. गुहेचं दार बंद. योद्धा म्हणाला, “म्या दार मोडितो.” त्यावर बहीण खेकसली, “मोडायलास काय? आधी कान लावून ऐक की आत कोण हाय ते!” फासा पडला. एक आला. आत यम होता, पेन्सिलनं वाढवलेल्या हिट पॉइंट्ससकट. ते आकडे ओहायोतल्या कुठल्या पोरानं, कुणाला हरवायला वाढवले होते कुणास ठाऊक!

योद्धा मेला. पुढच्या शनिवारी तो भाऊ नवं पात्र घेऊन हजर. मित्र आता फाशांचा जुना लॉट शोधतोय, शक्यतो खडूसकट.