तलावाकाठचे पालक

मे महिन्याची सुटी पडली की गोव्यातील जलतरण तलावांवर मुलांची झुंबड उडते आणि शिबिरे संपता संपता स्पर्धांचे वेध लागतात. २०२३ साली ३७वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात भरली, तेव्हा कांपाल येथील तलावावर देशातील निवडक जलतरणपटू उतरले होते. तो सोहळा पाहून आपल्याही मुलाने पाण्यात नाव काढावे असे कोणास वाटले असल्यास नवल नाही. परंतु मुलाला स्पर्धेत उतरविणाऱ्या कुटुंबाने तेथून नेमकी कशाची अपेक्षा धरावी, ह्याचा विचार अभावानेच होतो. तो व्हावा म्हणूनच हा प्रपंच.

स्पर्धेचा दिवस हा मुख्यत्वे वाट पाहण्याचा दिवस असतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. सकाळी अंग मोकळे करण्यासाठी पोहणे, मग वयोगट, मुलगे-मुली, शैली आणि अंतर अशा विभागणीने एकामागून एक फेऱ्या. पन्नास मीटरची शर्यत एखाद्या मिनिटात आटोपते. त्या मिनिटासाठी घरच्यांना चार-पाच तास उन्हात काढावे लागतात. सावली, कोरडा पंचा, जादा गॉगल, भरपूर पाणी आणि पेज वा केळी असे हलके खाणे बरोबर असले म्हणजे निम्मी चिडचिड टळते. त्या दिवशी मुलाच्या पोटावर नवे प्रयोग करू नयेत.

निकालाची रीतही आधी समजून घेणे इष्ट. फेऱ्या लावताना पूर्वीची वेळ पाहिली जाते आणि वेगवान मुलांना मधल्या लेन मिळतात. वेगळी अंतिम फेरी नसेल तर सर्व फेऱ्यांतील वेळा एकत्र करून क्रमांक ठरतात. साहजिकच आपल्या फेरीत पहिला आलेला मुलगा पदकावाचून परततो आणि दुसऱ्या फेरीतील तिसरा पदक घेऊन जातो. ह्यात पक्षपात नसतो. पण हे आदल्या दिवशी मुलाला सांगितलेले नसेल तर त्याचा हिरमोड होतो आणि आईबापांचा पंचांवर राग निघतो.

बाद होण्याचेही तसेच. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय ह्या शैलींत वळताना आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात; पाठीवरच्या शैलीत अंतिम स्पर्श पाठीवर असतानाच व्हावा लागतो. इशाऱ्यापूर्वी सूर मारण्याची पहिली चूक पूर्वी माफ असे, आता ती सवलत राहिलेली नाही. नवशिक्या मुलांपैकी पुष्कळजण केव्हा ना केव्हा बाद होतात. तो शिक्षणाचा भाग आहे, बेअब्रू नव्हे. निर्णयाविषयी तक्रार असेल तर ती संघाच्या जबाबदार व्यक्तीने रीतसर लेखी मांडावयाची असते. कठड्यावरून आरडाओरडा करणारे वडील मुलाला न्याय मिळवून देत नाहीत. सवंगड्यांसमोर त्याची मान मात्र खाली घालायला लावतात.

आमच्या मते खरा प्रश्न अपेक्षेच्या मापाचा आहे. बारा-तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाची उंची वीतभर आधी वाढलेली असते. तो आज पुढे असतो, उद्या असेलच असे नाही. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा मुलाची मागची वेळ आणि आजची वेळ एवढेच पाहावे. खजान सिंग ह्यांनी १९८६ साली सोल येथील आशियाई स्पर्धेत २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचे पदक मिळाले ते थेट २०१० साली, ग्वांगझू येथे कोल्हापूरच्या वीरधवल खाडे ह्यांच्या कांस्यपदकाने. चोवीस वर्षे सबंध देशाने वाट पाहिली, मग दहा वर्षांच्या पोराने एका सुटीत चमत्कार करावा हा हट्ट कशासाठी? ह्याच हट्टातून वयाचे खोटे दाखले निघतात. मुलाला पदक देताना त्याच्या हाती असत्याचा पहिला धडा आपण ठेवतो, ह्याची जाणीव अशा पालकांना असावयास हवी.

उलटपक्षी, चांगल्या पोहणाऱ्या मुली तेरा-चौदा वर्षांच्या झाल्या की काही घरांतून त्यांचे तलावावर जाणे मुकाट्याने बंद होते. हे आम्हांस अधिक खुपते. आयोजकांनी मुलींसाठी बंदिस्त कपडे बदलण्याची जागा, स्वच्छ शौचालये, स्त्री-प्रशिक्षक, सावली आणि पिण्याचे पाणी ह्यांची व्यवस्था केली पाहिजे. पालकांनी ती नसल्यास हक्काने मागितली पाहिजे. मुलीला घरी बसविणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

पूर्वी आमच्या गावांतून कमरेला असोल्या नारळांची जोडी बांधून मुले तळीत वा नदीत पोहायला शिकत. त्यांना पदके कोणी दिली नाहीत. पण पाण्याशी कसे वागावे हे ती शिकली. आज दर पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या चिरेखाणी, ओहोळ आणि खवळलेला समुद्र ह्यांत कोवळे जीव जातात. ज्या भूमीला एका बाजूस समुद्र आणि अंगभर नद्या, तेथे पोहता येणे ही चैन नाही, गरज आहे. तलावात पहिला आलेल्या मुलालाही जूनच्या लाटेपुढे नम्र राहण्यास शिकविले पाहिजे, कारण समुद्र कोणाचे पदक ओळखत नाही. सुटी संपताना मुलाच्या हाती चषक नसला तरी चालेल. पाण्याची भीती गेली, पाण्याविषयीचा आदर राहिला, आणि पुढल्या वर्षी पुन्हा येण्याची ओढ टिकली, तर त्या कुटुंबाने स्पर्धेतून मिळवावयाचे ते मिळविले असे आम्ही समजू.