बांधणीच्या पसाऱ्यातील चोरवाट

अर्ध्या सेकंदाचा विलंब ही एरवी कोणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट. मार्च २०२४ मध्ये मात्र याच विलंबामुळे जगभरातील असंख्य सर्व्हर मोठ्या संकटातून बचावले. 'पोस्टग्रेएसक्यूएल' या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टचे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे आढळले. त्यांनी मुळाशी जाऊन पाहिले, तेव्हा फाइलींचा आकार कमी करणाऱ्या 'एक्सझेड' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट पेरली गेल्याचे निष्पन्न झाले. २९ मार्च रोजी त्यांनी ही बाब जाहीर केली. तोवर या आवृत्त्या डेबियन व फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. धोक्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण देण्यात आले.

या प्रकरणाची चर्चा प्रामुख्याने 'जिया टॅन' या टोपणनावाभोवती झाली. या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून प्रकल्पाचे एकहाती पालन करणाऱ्या लासे कॉलिन यांचा विश्वास संपादन केला होता. मात्र चोरवाट लपविण्यासाठी जी जागा निवडली गेली, ती तितकीच बोलकी आहे. ती जागा होती प्रकल्पाच्या बांधणीची यंत्रणा.

कोणी न वाचणाऱ्या ओळी

प्रोग्रॅमरने लिहिलेल्या सोर्स कोडपासून संगणकावर प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याच्या प्रक्रियेला बांधणी म्हणता येईल. त्यासाठी १९७६ मध्ये बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन तयार केले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे आणि ती बदलल्यास कोणती आज्ञा द्यायची, एवढेच त्यात लिहायचे. पुढे युनिक्सचे अनेक परस्परविसंगत अवतार बाजारात आले. प्रत्येकाशी जुळवून घेण्यासाठी १९९१ मध्ये 'ऑटोकॉन्फ' अवतरले. हे साधन 'एम४' या भाषेतील सूचनांवरून 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट तयार करते, आणि ती स्क्रिप्ट यंत्राची शेकडो बाबतींत चाचपणी करते. वापरणाऱ्याला केवळ शेल आणि मेक पुरेसे ठरते, हा त्याचा निर्विवाद फायदा.

त्याची किंमतही तशीच आहे. तयार होणारी स्क्रिप्ट हजारो ओळींची असते आणि ती यंत्राने लिहिलेली असल्याने कोणी वाचत नाही. शिवाय ती मूळ कोडच्या सार्वजनिक भांडारात न ठेवता केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात घालण्याचा प्रघात पडला. त्यामुळे भांडार आणि गठ्ठा यांत फरक असणे स्वाभाविक मानले जाऊ लागले. हल्लेखोराने नेमका याचाच लाभ उठविला. त्याने चोरवाट उघडणारी एम४ फाइल फक्त गठ्ठ्यात ठेवली, तर घातक भाग चाचणीसाठीच्या बिघडलेल्या नमुना फाइलींत दडविला. त्याच प्रकल्पात 'सीमेक' या दुसऱ्या साधनाच्या फाइलीतही एक अनावश्यक पूर्णविराम टाकण्यात आला होता. त्यामुळे एक चाचणी नेहमीच अयशस्वी होई आणि सुरक्षेची एक तरतूद निमूटपणे बंद राही. बांधणीतील चाचणी अयशस्वी होणे इतके नित्याचे की त्याबद्दल कोणाला शंका आली नाही.

साधेपणाचा पर्याय

हा पसारा टाळणारे प्रकल्प पूर्वीपासून आहेत. 'डीडब्ल्यूएम' हा विंडो मॅनेजर २००० ओळींच्या आत राहण्याचे बंधन पाळतो. त्याच्या बांधणीसाठी एक छोटी मेकफाइल आणि एक 'कॉन्फिग' फाइल असते. यंत्रानुसार काही बदलायचे असल्यास वापरणाऱ्याने त्या फाइलीत हाताने बदलावे, अशी अपेक्षा असते. 'मसल' या सी लायब्ररीची कॉन्फिगर स्क्रिप्ट माणसाने लिहिलेली, म्हणूनच वाचता येण्याजोगी आहे. 'एसक्यूलाइट'चा गाभा एकाच मोठ्या सी फाइलीच्या स्वरूपातही मिळतो आणि कंपाइलरला एक आज्ञा दिली की काम भागते. याच एसक्यूलाइटने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या मूळ कोडसाठी ऑटोकॉन्फ सोडून 'ऑटोसेटअप' स्वीकारले. त्याला लागणारा छोटा इंटरप्रिटर सोर्स कोडसोबतच येतो. साहजिकच वेगळे काही बसवावे लागत नाही.

अर्थात, साधेपणालाही मर्यादा आहेत. मेकमध्ये टॅबच्या जागी स्पेस पडली तरी बांधणी अडते. हेडर फाइलींची अवलंबने स्वतः सांभाळावी लागतात. विंडोजवर तर अडचणी अधिकच. हाताने बदलायच्या फाइलीमुळे लेखकाचे श्रम वाचतात, पण ते पॅकेज तयार करणाऱ्याच्या माथी येतात. म्हणूनच मोठे प्रकल्प 'मेसन'सारख्या साधनांकडे वळले. पोस्टग्रेएसक्यूएलनेही २०२३ मधील १६ व्या आवृत्तीपासून मेसनचा पर्याय दिला. मेसनची भाषा मुद्दाम मर्यादित ठेवलेली असल्याने तिचे वर्णन वाचायला सोपे असते. मात्र मेसनला पायथॉन लागते. दोन हजार ओळींच्या प्रोग्रॅमसाठी त्याहून कितीतरी पटींनी मोठे साधन आणणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

निवडीचा निकष

साधी मेकफाइल असती तर 'एक्सझेड'चा घात टळलाच असता, असा दावा करता येणार नाही. विश्वासातील माणूसच फितूर झाल्यावर तो दुसरी जागा शोधू शकतो. परंतु वीस ओळींत परकी ओळ लपविणे आणि वीस हजार ओळींत लपविणे यांत मोठे अंतर आहे. असे बहुतेक छोटे प्रकल्प एक-दोन माणसे फावल्या वेळात, बिनमोबदला चालवितात. बांधणीची गुंतागुंत त्यांच्यावरील भार वाढविते आणि मदतीला आलेल्या अनोळखी हातांची पारख करण्यास उसंत ठेवत नाही. कॉलिन यांनी मे २०२४ मध्ये चोरवाट काढून टाकलेली नवी आवृत्ती आणली खरी, पण त्या निस्तरण्याचा भारही पुन्हा त्यांच्यावरच पडला.

तेव्हा साधन निवडताना ते किती सोयीचे आहे, एवढे पाहून भागणार नाही. बांधणीची फाइल एखादा नवखा माणूस एका बैठकीत वाचून समजू शकेल काय, आणि वितरणाचा गठ्ठा सार्वजनिक भांडाराशी तंतोतंत जुळतो काय, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतील. मुक्तस्रोताचे सारे बळ कोड सर्वांना दिसतो यात आहे. न वाचता येणाऱ्या बांधणीने त्याच बळावर पडदा पडतो, हा 'एक्सझेड' प्रकरणाचा धडा आहे.