डिजिटल नोमॅड व्हिसा: आधी अटी वाचा, मग एजंटकडे जा

पोस्ट थोडी लांब आहे, पण घरात परदेशाची स्वप्नं बघणारं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही हल्ली 'डिजिटल नोमॅड व्हिसा'च्या जाहिराती फिरतायत. सूर एकच: लॅपटॉप घ्या, युरोपात जा, नोकरीचं तिथे गेल्यावर बघू. यातलं शेवटचं वाक्य धादांत खोटं आहे. हा व्हिसा नोकरी शोधण्यासाठी नाहीच. ज्याचं काम आणि कमाई आधीपासून बाहेरच्या देशातून चालू आहे, त्याला आपल्याकडे राहून तेच काम करू देण्याची ही सोय. तिथल्या कंपनीत नोकरी धरायची तर व्हिसा वेगळा.

आता आकडे बघा. पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरअखेर हा व्हिसा सुरू केला. अट अशी की महिन्याची कमाई तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी. २०२५ साली ते वेतन होतं ८७० युरो, म्हणजे चौपट झाले ३,४८० युरो. युरोला शंभर रुपये धरा, महिन्याला साडेतीन लाख! मलेशिया आयटीवाल्यांकडून वर्षाला २४,००० डॉलर कमाईचा पुरावा मागतो. दुबईला महिना ३,५०० डॉलर. थायलंडने २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा काढला, तर पाच लाख बाट शिल्लक दाखवा म्हणतो. बाटला अडीच रुपये धरले तरी साडेबारा लाख झाले. जपानची तर वर्षाला एक कोटी येन कमाईची अट आहेच, शिवाय जपानशी कर-करार आणि व्हिसामाफी दोन्ही असलेल्या देशांच्याच नागरिकांना तो मिळतो. भारतीय पासपोर्टला व्हिसामाफी नाही, म्हणजे कमाई कितीही असो, तिथे विषय संपला.

पैशांनंतर कागद. कंपनीचा करार, परदेशातून काम करायला हरकत नाही असं पत्र, बँकेची स्टेटमेंट, आरोग्य विमा, पोलीस क्लिअरन्स. स्पेन तर पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव मागतो आणि कंपनीशी निदान तीन महिने जुना संबंध दाखवा म्हणतो. पदवी आधी राज्य पातळीवर तपासून घ्यायची, मग तिच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का. गंमत बघा, नाव भटक्याचं आणि अट ठरलेल्या कमाईची, पक्क्या कागदांची.

आपली पोरं इथेच अडकतात. व्हिडिओ एडिटिंग, वेबसाइट, डिझाईन अशी कामं करणारी हुशार पोरं आज लहान गावांतही आहेत. पण काम तोंडी ठरतं, पैसे कधी मित्राच्या खात्यावर, कधी रोख. बिल नाही, करार नाही, रिटर्न नाही. कौशल्य असूनही फाईल उभी राहत नाही. मग एजंट म्हणतो, "कागद आम्ही बनवू." तिथेच उठून बाहेर या. खोटे कागद पकडले गेले तर व्हिसा नाकारला जातो, पुढचे अर्जही अडचणीत येतात. आणि एजंटची फी काही परत येत नाही.

माझं म्हणणं सरकारलाही आहे. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. पण 'आम्ही फक्त व्हिसाचा सल्ला देतो' म्हणणारा त्यातून अलगद निसटतो. पंजाबने खूप पोळल्यावर २०१२ साली कायदा केला आणि व्हिसा सल्लागारांनाही परवान्याच्या कक्षेत आणलं. महाराष्ट्राने पोळण्याची वाट का बघावी? परवाना, फीची पावती आणि काम न झाल्यास परताव्याचा नियम, एवढं तरी व्हायलाच हवं. शिवाय जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात या अटी मराठीत लावा. त्याला कितीसा खर्च येतो?

तोवर पोरांनो, एवढं करा. कमाई स्वतःच्या खात्यात घ्या, प्रत्येक कामाचं बिल द्या, दोन ओळींचा का होईना करार करा, रिटर्न भरा. अटी त्या देशाच्या वकिलातीच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात, आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून तिथेच वाचा. अटीत बसत असाल तर बिनधास्त अर्ज करा. बसत नसाल तर कुणालाही एक रुपया देऊ नका.

ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे, त्यांच्यापर्यंत पोस्ट पोचवा.